शिकाऱ्याची दंतकथा मोडणारा शिकारी

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र आकाशात वर चढते, तेव्हा त्याच्या मागोमाग एक अत्यंत तेजस्वी तारा उगवतो. मराठी माणूस त्याला व्याध म्हणतो. मृगाच्या पोटात ओळीने दिसणारे तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, असे घरोघरी मुलांना दाखवले जाते. ग्रीकांना मात्र याच तारकासमूहात हरीण दिसले नाही. त्यांनी तिथे ओरायन हा बलाढ्य शिकारी पाहिला. एकाच तारकापुंजात एका संस्कृतीला शिकारी दिसावा आणि दुसरीला त्याची शिकार दिसावी, हा फरक लहान नव्हे.

आपल्या पुराणकथांतला शिकारी बहुधा चुकतो आणि मग पस्तावतो. दशरथाचा शब्दवेधी बाण पाणी भरायला आलेल्या श्रावणाला लागतो. पंडूचा बाण मृगरूप घेतलेल्या ऋषीच्या वर्मी बसतो. जरा नावाच्या व्याधाला श्रीकृष्णाचे पाऊल हरणासारखे भासते. महाशिवरात्रीच्या कथेतला व्याध हाताशी आलेल्या हरणांना सोडून देतो, म्हणून तो उद्धरून जातो. याउलट इंग्रजी अमदानीत रुजलेला शिकारी कधीच चुकत नाही. डोक्यावर सोला हॅट, हातात रायफल आणि मेलेल्या वाघावर ठेवलेला पाय ही त्याची ओळख. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतील छायाचित्रांपासून चित्रपट आणि चित्रकथांपर्यंत तोच नायक म्हणून मिरवत राहिला.

या दोन प्रतिमांच्या मधोमध जिम कॉर्बेट हे नाव उभे आहे. हिंदुस्थानातील सर्वांत ख्यातनाम शिकारी म्हणून जग त्यांना ओळखते. पण शिकाऱ्याभोवतीचे वलय त्यांनीच आपल्या हातांनी उतरवून ठेवले, हे त्यांच्या कीर्तीच्या गदारोळात अनेकदा विसरले जाते.

पोस्टमास्तरांचा मुलगा

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर. आई मेरी जेन यांचा तो दुसरा विवाह होता. त्यांचे पहिले पती १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत मारले गेले होते. दोघांनाही आधीच्या विवाहांतली अपत्ये होती. त्यामुळे कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची होती. त्यातच १८८१ साली ख्रिस्तोफर यांचे निधन झाले. जिम तेव्हा सहा वर्षांचाही झाला नव्हता. पुढे थोरला भाऊ टॉम पोस्टमास्तर झाला आणि आईने काटकसरीने मुले वाढवली.

नैनितालमध्ये कॉर्बेट कुटुंबाचे घर होते, तरी ते साहेबांच्या वरच्या वर्तुळातले नव्हते. हिंदुस्थानातच जन्मलेल्या आणि इथेच पोट भरणाऱ्या गोऱ्यांकडे विलायतेहून आलेले अधिकारी थोडे खालच्या नजरेने पाहत. या अधांतरी अवस्थेचा एक लाभ मात्र जिमला झाला. नोकरचाकर, गुराखी, शेतकरी यांच्या मुलांमध्ये तो वाढला आणि कुमाऊँची बोली सहज बोलू लागला.

थंडीत कुटुंब पहाडाच्या पायथ्याशी, तराईच्या सीमेवरील कालाढुंगीला मुक्कामाला जाई. घराच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू होत असे. तेच जिमचे खरे विद्यालय ठरले. गलोल, धनुष्यबाण आणि मग एक नळी निकामी झालेली ठासणीची दुनळी बंदूक, अशी त्याच्या शस्त्रांची चढती श्रेणी होती. पक्ष्यांचे आवाज त्याने पाठ केले. वाळूवरच्या पावलांवरून जनावर कोणते, केव्हा गेले आणि कोणत्या घाईत होते, हे तो ओळखू लागला. वानर, चितळ आणि रानकोंबडा कोणत्या हाकेने कोणत्या धोक्याची सूचना देतात, याची त्याने मनातल्या मनात बाराखडीच तयार केली. या शिक्षणात कुंवरसिंग या गावप्रमुखाचा वाटा मोठा होता. कुंवरसिंग चोरून शिकार करण्यात पटाईत होता. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार होता, पण जंगलाच्या दृष्टीने मोठा पंडित होता.

याच वयात त्या मुलाची वाघाशी पहिली गाठ पडली. बोरीच्या झुडपाआडून तो डोकावत असताना पलीकडून वाघ बाहेर आला, वळून क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि आपल्या वाटेने निघून गेला. हा प्रसंग कॉर्बेट आयुष्यभर विसरले नाहीत. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नाही, ही त्यांची धारणा तेथून सुरू झाली.

मोकामेहचा ठेकेदार

परिस्थितीमुळे उच्च शिक्षण शक्य नव्हते. अठराव्या वर्षाच्या सुमारास जिम रेल्वेच्या नोकरीत शिरला. आगगाडीच्या इंजिनांना लागणारे लाकूड तोडून पुरवण्यावर देखरेख करणे हे त्याचे काम होते. पुढे बिहारमधील मोकामेह घाटावर त्याला मालवाहतुकीचा ठेका मिळाला. गंगेच्या एका तीरावर रुंद मार्गाची गाडी येई आणि दुसऱ्या तीरावरून मीटर मार्गाची सुटे. त्यामुळे दरवर्षी लक्षावधी टन माल माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून उतरवावा आणि चढवावा लागे.

या घाटावर कॉर्बेट यांनी वीसहून अधिक वर्षे काढली. मजुरांबरोबर ते स्वतः राबत. मजुरांच्या मुलांसाठी स्टेशनमास्तरांच्या मदतीने त्यांनी शाळा चालवली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला चमारी हा त्यांचा विश्वासू मुकादम होता. पटकीच्या साथीत तो मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीचे आणि काशीहून आलेल्या एका महंताने त्याला वाहिलेल्या आदरांजलीचे वर्णन कॉर्बेट यांनी पुढे 'माय इंडिया' या पुस्तकात केले. शिकारी म्हणून गाजलेल्या या माणसाचे निम्मे तारुण्य असे हमालांच्या संगतीत गेले. शिकार हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. नरभक्षकांच्या मागे ते रजा काढून जात आणि काम उरकून घाटावर परतत.

चंपावतचे तुटलेले सुळे

१९०७ साली कुमाऊँच्या पूर्व भागात एका वाघिणीने हाहाकार माजवला होता. नेपाळमध्ये सुमारे २०० माणसे मारल्यावर तिला तिथून हुसकावण्यात आले होते. नंतरच्या चार वर्षांत कुमाऊँमध्ये तिने आणखी दोनशेहून अधिक बळी घेतले. तिच्या नावावर एकूण ४३६ बळींची नोंद आहे. सरकारने बक्षिसे लावली, खास शिकारी नेमले आणि अल्मोड्याहून सैनिकही पाठवले. काहीच साधले नाही.

नैनितालच्या उपायुक्तांनी कॉर्बेट यांना गळ घातली. ते तेव्हा ३२ वर्षांचे होते आणि त्यांनी तोवर एकही नरभक्षक मारलेला नव्हता. जाण्यापूर्वी त्यांनी दोन अटी घातल्या. बक्षिसे रद्द व्हावीत, आणि इतर सर्व शिकारी व सैनिक जंगलातून मागे घेतले जावेत. बक्षिसासाठी मारणारा अशी आपली गणना होऊ नये, हा पहिल्या अटीमागचा हेतू होता. दुसरी अट निव्वळ व्यवहाराची होती. अनेक बंदुका रानात हिंडत असताना चुकून स्वतःलाच गोळी लागण्याची धास्ती त्यांना होती.

पाली गावी ते पोहोचले तेव्हा लोक पाच दिवस घरांची दारे लावून बसले होते. शेते ओस पडली होती. पहिली रात्र कॉर्बेट यांनी रस्त्याकडेच्या झाडाखाली जागून काढली. चांदण्यात हलणाऱ्या प्रत्येक सावलीत त्यांना वाघीण दिसत होती. ही भीती त्यांनी पुढे कोणतीही लाज न बाळगता लिहून ठेवली. याच भागात त्यांना एक स्त्री भेटली. डोळ्यांदेखत बहिणीला वाघिणीने उचलून नेल्यापासून तिची वाचा गेली होती.

चंपावतजवळ वाघिणीने एका कोवळ्या वयाच्या मुलीला नेले. तुटलेल्या माळेचे मणी आणि रक्ताचा माग काढत कॉर्बेट दरीत उतरले. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी आसपासच्या गावांतून २९८ माणसे जमवली आणि मोठा हाकारा झाला. कॉर्बेट यांच्याकडील मोजकी काडतुसे संपली, तेव्हा जखमी वाघिणीसमोरून धावत जाऊन त्यांनी तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली आणि तिने शेवटचा बार काढला.

यानंतर जमाव आनंदाने बेभान झाला. वाघिणीचे धूड गावोगाव मिरवण्यात आले. कॉर्बेट मात्र तिचे तोंड उघडून पाहत होते. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटला होता आणि खालचा पार हाडापर्यंत गेला होता. ती कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीची जखम होती. सुळे गमावल्यामुळे तिला नैसर्गिक सावज मारता येईना आणि म्हणून ती माणसाकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चारशेहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी चुकलेला एक बार होता.

परतीच्या वाटेवर वाघिणीचे कातडे घेऊन ते पालीजवळच्या त्या स्त्रीच्या घरी गेले. ते पाहताच तिची वाचा परत आली, असे त्यांनी नमूद केले आहे. नैनितालच्या दरबारात संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी तहसीलदारांना बंदूक आणि कॉर्बेट यांच्या गावकरी सोबत्याला शिकारी सुरा दिला. कॉर्बेट यांनाही याच कामगिरीबद्दल रिग्बी कंपनीची रायफल भेट मिळाली. पुढे अनेक मोहिमांत ती त्यांच्या खांद्यावर होती.

रुद्रप्रयागचे भूत

यानंतरची तीस वर्षे कुमाऊँ-गढवालमध्ये कोठेही नरभक्षकाचा उपद्रव झाला की लोक कॉर्बेट यांना निरोप धाडू लागले. १९१० साली त्यांनी पनारचा बिबट्या मारला. त्याच्या नावावर ४०० बळी होते. मुक्तेसर, मोहन, कांडा, चौगड, ठाक ही डोंगरातली लहान नावे त्यांच्यामुळे जगाला कळली. त्यांनी मारलेल्या नरभक्षकांची संख्या साधारणतः ३३ सांगितली जाते.

यात सर्वाधिक बोलबाला झाला तो रुद्रप्रयागच्या बिबट्याचा. केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ या काळात त्याने सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली. परदेशांतील वृत्तपत्रांत त्याच्या बातम्या छापून येत आणि ब्रिटिश संसदेतही त्याच्याविषयी प्रश्न विचारला गेला. सापळे, विष, बंदुका यांपैकी कशालाही तो दाद देत नव्हता. सूर्य मावळला की पाचशे चौरस मैलांच्या टापूत दारांना अडसर पडत. हे जनावर नसून दुष्टात्मा आहे, अशी लोकांची खात्री झाली होती. दिवसा माणूस आणि रात्री बिबट्या होतो, असा संशय घेऊन जमावाने एका साधूला पकडल्याचीही हकिगत कॉर्बेट यांनी सांगितली आहे. अधिकाऱ्याच्या प्रसंगावधानाने तो साधू वाचला.

१९२५ च्या शरदात कॉर्बेट तेथे गेले आणि अनेक आठवडे खपून रिकाम्या हाताने परतले. पुढल्या वसंतात गढवालचे उपायुक्त विल्यम इबॉट्सन यांच्यासह त्यांनी पुन्हा मोहीम आखली. अखेर गुलाबराय येथे यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळील आंब्याच्या झाडावर ते रात्रीमागून रात्री बसून राहिले. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी होती. दहा रात्री वाया गेल्या. मे १९२६ च्या आरंभी, अकराव्या रात्री घंटा वाजली. विजेरीचा झोत क्षणभर पडला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. उजाडल्यावर एका खड्ड्याच्या कडेला हनुवटी टेकलेला बिबट्या मृत आढळला.

बाजारपेठेत लोकांनी कॉर्बेट यांच्या पायांवर फुले उधळली. त्यांच्यासमोर मात्र केस पिकलेला, मिशा झडून गेलेला एक म्हातारा प्राणी होता. ज्याच्या भीतीने हजारो घरे आठ वर्षे अंधारात दडून बसली, तो राक्षस नव्हता आणि भूतही नव्हता. त्याला माणसाची चटक कशी लागली असावी, याचाही त्यांनी विचार केला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत इतकी माणसे दगावली की दहनाला लाकूड आणि बळ दोन्ही अपुरे पडले. मृताच्या तोंडात निखारा ठेवून प्रेत दरीत लोटले जाई. बिबट्या मृतदेह खातो. साथ ओसरल्यावर ते अन्न संपले आणि तो जिवंत माणसाकडे वळला, असे त्यांचे मत होते. पनारच्या बाबतीतही त्यांनी साथीच्या रोगाकडेच बोट दाखवले होते.

चौगडच्या वाघिणीने पाच वर्षांत ६४ बळी घेतले. १९३० साली तिच्याशी गाठ पडली, तेव्हा रातवा पक्ष्याची अंडी कॉर्बेट यांच्या डाव्या हातात होती. अवघ्या काही फुटांवर बसलेल्या वाघिणीवर त्यांनी एका हाताने रायफल हळूहळू वळवून गोळी झाडली. ही थरारकथा जगभर वाचली गेली. पण त्या वाघिणीची नखे तुटलेली आणि दात झिजलेले होते, ही नोंदही त्यांनी त्याच कथेत करून ठेवली. मुक्तेसरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या अंगात काट्यांचे डझनावारी तुकडे रुतले होते.

कार्पेटसाहेब

पहाडी लोकांच्या जिभेवर कॉर्बेटचे 'कार्पेट' झाले. कार्पेटसाहेबांच्या अंगी साधूची शक्ती आहे, अशी समजूत पसरली. तेही सर्वस्वी अंधश्रद्धामुक्त नव्हते. मोहिमेत साप मारल्याखेरीज नरभक्षक मिळत नाही, असे त्यांना वाटे. डाबीधुरा येथील देवळाच्या परिसरातल्या वाघाला कोणीच मारू शकणार नाही, असे तेथील पुजाऱ्याने त्यांना सांगितले होते. कॉर्बेट यांनी अनेकदा प्रयत्न केला, पण वाघ निसटत राहिला. हा पराभव त्यांनी लपवला तर नाहीच, उलट आपल्या एका पुस्तकाला त्याच वाघाचे नाव दिले.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्यांनी कुमाऊँमधून ५०० माणसांची श्रमिक तुकडी उभारून फ्रान्सला नेली. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी या गावची जमीन त्यांनी विकत घेतली, कुळे वसवली आणि रानडुकरांपासून पिके वाचवण्यासाठी गावाभोवती दगडी भिंत बांधली. त्यांनी लग्न केले नाही. अविवाहित बहीण मॅगी हीच त्यांची आयुष्यभराची सोबत होती.

माणसाच्या शिकारीतही ते एकदा सामील झाले होते. तराईतला दरोडेखोर सुलताना याला पकडण्यासाठी पोलीस अधिकारी फ्रेडी यंग यांनी काढलेल्या मोहिमेत त्यांनी माग काढण्याचे काम केले. सुलतानाला १९२४ साली फाशी झाली. पण त्याच्याविषयी लिहिताना कॉर्बेट यांच्या लेखणीतून कणव झिरपते. तो भांतू या गुन्हेगार ठरवलेल्या जमातीत जन्मला होता. जन्मतःच कपाळी शिक्का बसलेल्या माणसाला सरळ जगण्याची संधी कधी मिळालीच नाही, हे त्यांनी मान्य केले. नरभक्षकाच्या जबड्यात जुनी गोळी शोधणारी नजर येथेही तशीच राहिली.

बंदूक आणि कॅमेरा

तरीही कॉर्बेट यांचे चित्र एकरंगी नाही. केवळ नरभक्षकच मारले, असा त्यांचा लौकिक आहे, पण तो पूर्ण खरा नाही. १९३० साली त्यांनी मारलेला पवलगडचा विख्यात वाघ नरभक्षक नव्हता. त्याच्या अवाढव्य आकाराचेच सर्वांना आकर्षण होते. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि बड्या पाहुण्यांच्या शिकारींची व्यवस्थाही त्यांनी लावून दिली. एकीकडे वाघ नाहीसा होत असल्याची चिंता आणि दुसरीकडे साहेबांच्या शिकारींत सहभाग, हा विरोधाभास त्यांच्या आयुष्यात दीर्घकाळ टिकला. स्थित्यंतर झाले ते एका रात्रीत झाले नाही.

वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वाघांची छायाचित्रे टिपत असत. त्यांच्या प्रेरणेने कॉर्बेट यांनी विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅमेरा हाती घेतला. त्यानंतर वाघाची चित्रफीत घेण्याचा त्यांनी ध्यास घेतला. यंत्राच्या घरघरीने वाघ बुजतो, हे ध्यानात आल्यावर ओढ्याकाठी वाहत्या पाण्याचा आवाज राहील अशी जागा त्यांनी तयार केली आणि कित्येक महिने खपून सात वाघांचे चित्रण केले. भिंतीवरच्या कातड्याला कसर लागते, पण छायाचित्राचा आनंद अनेकांना आणि दीर्घकाळ मिळतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते.

१९३६ साली गव्हर्नर सर माल्कम हेली यांच्या नावाने रामगंगेच्या खोऱ्यात हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत आणि त्याच्या सीमा ठरवण्यास साहाय्य करणाऱ्यांत कॉर्बेट होते.

१९३८ च्या नोव्हेंबर अखेरीस, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी ठाकची नरभक्षक वाघीण मारली. ही त्यांची शेवटची मोहीम होती. जोडीदाराच्या शोधात फिरणाऱ्या त्या वाघिणीला त्यांनी नराच्या हाकेची नक्कल करून जवळ बोलावले होते. तिच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा आढळल्या. त्यांतली एक चिघळली होती. चंपावतपासून ठाकपर्यंत ३१ वर्षे लोटली, तरी उत्तर तेच होते.

मुंबईत छापलेले पुस्तक

कॉर्बेट यांनी १९३५ साली काही कथा शंभर प्रतींपुरत्या खासगीरीत्या छापल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जंगलयुद्धाचे प्रशिक्षण देण्याचे काम त्यांनी पत्करले आणि गंभीर आजारपण भोगले. त्याच काळात 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक आकाराला आले. १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने ते प्रसिद्ध केले. रॉय हॉकिन्स हे शाखेचे प्रमुख त्यामागे होते. युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठीच्या संस्थेला पुस्तकाचे उत्पन्न देण्यात आले. इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले आणि मराठी वाचकांच्याही पिढ्या या कथांवर पोसल्या गेल्या.

हॉलिवूडला मात्र पुस्तकापेक्षा त्याचे नावच अधिक मोलाचे वाटले. १९४८ साली साबू आणि वेंडेल कोरी यांना घेऊन त्याच शीर्षकाचा चित्रपट निघाला. त्यातील कथेचा पुस्तकाशी जवळजवळ संबंध नव्हता. गंमत अशी की, त्यातला परदेशी शिकारी वाघाला जखमी करून सोडतो आणि त्यातूनच नरभक्षक घडतो. कॉर्बेट यांचे सांगणे पटकथेत असे आडवाटेने उतरले. त्यांना स्वतःला चित्रपटात वाघाखेरीज कोणाचेच काम आवडले नाही, असे सांगतात.

या यशाचे रहस्य केवळ थरारात नव्हते. कॉर्बेट यांच्या कथांत शिकारी घाबरतो, चुकतो, नेम हुकल्याची कबुली देतो. गवत कापायला गेलेली बाई, टपाल नेणारा हरकाऱ्या, एकट्याने आईचे प्रेत राखणारा मुलगा ही माणसे तिथे केवळ बळी म्हणून येत नाहीत. त्यांना नाव, घर आणि दुःख असते.

झाडावरची रात्र

स्वातंत्र्य आले तेव्हा कॉर्बेट ७२ वर्षांचे होते. नव्या व्यवस्थेत आपल्यासारख्यांना जागा उरेल का, या शंकेने भाऊ-बहीण अस्वस्थ झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये नैनितालचे घर विकून दोघांनी देश सोडला. छोटी हल्द्वानीची जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली. आफ्रिकेत त्यांचे पूर्वीपासून जाणे-येणे होते. केनियातील न्येरी येथे, बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेल्या छोट्या घरात ती दोघे राहू लागली.

५ फेब्रुवारी १९५२ रोजी राजकन्या एलिझाबेथ न्येरीजवळच्या 'ट्रीटॉप्स' या झाडावरील निवासात वन्यप्राणी पाहायला आल्या. ७६ वर्षांचे कॉर्बेट त्यांच्यासोबत होते आणि रात्री त्यांनी पहारा केला. त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. झाडावर राजकन्या म्हणून चढलेली तरुणी उतरली ती राणी म्हणून. या घटनेवरील 'ट्री टॉप्स' हे छोटे पुस्तक कॉर्बेट यांनी अखेरच्या दिवसांत पूर्ण केले. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. न्येरीच्या चर्चच्या दफनभूमीत ते विसावले आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर रामगंगेकाठच्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात याच उद्यानातून झाली. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ उरले होते. २०२२ च्या अंदाजानुसार ही संख्या ३,६८२ झाली. १९६८ साली चेक प्राणिशास्त्रज्ञ व्रातिस्लाव माझाक यांनी इंडोचायना भागातील वाघाच्या उपजातीला 'कॉर्बेटी' हे नाव दिले. ज्याच्या बंदुकीने वाघ टिपले त्याचेच नाव वाघाला मिळावे, असा योग विरळाच.

उरलेला प्रश्न

वाघ वाढले, पण माणूस आणि वाघ यांच्यातला संघर्ष मिटला नाही. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात १३ जणांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली टी-१ अर्थात 'अवनी' ही वाघीण २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी घालून मारण्यात आली, तेव्हा महाराष्ट्र दोन तटांत विभागला गेला. एका बाजूला शेतावर जायला धजावत नसलेली गावे होती आणि दुसऱ्या बाजूला वाघिणीसाठी हळहळणारी शहरे होती. अशा प्रत्येक वेळी कॉर्बेट यांचे नाव निघते. दोन्ही पक्षांना ते आपल्याच बाजूचे वाटतात.

वस्तुतः ते दोन्ही बाजूंना उभे होते. गावाने दार लावून घेतले असेल तर तिथे जाऊन बसावे लागते, हे त्यांनी मानले आणि स्वतःचा जीव पणाला लावून ते पाळले. वाघ मेल्यावर मात्र त्यावर पाय ठेवून छायाचित्र काढण्यापाशी त्यांची गोष्ट संपली नाही. मृत जनावराच्या जबड्यात, पंजात, खांद्यात ते कारण शोधत राहिले आणि पुष्कळदा ते कारण माणसाच्या बंदुकीपाशी जाऊन पोहोचले. शिकाऱ्याला नायक करणाऱ्या काळात एका शिकाऱ्यानेच ही साक्ष नोंदवली.

कालाढुंगीच्या त्यांच्या घरात संग्रहालय आहे. छोटी हल्द्वानीभोवतीची दगडी भिंत बऱ्याच ठिकाणी उभी आहे. तिच्या अलीकडे पिके आहेत आणि पलीकडे जंगल आहे. हिवाळ्यात तिथल्या आभाळातही मृगामागे व्याध उगवतो. त्याचा बाण केव्हाच सुटून गेला आहे. तो कोणाला लागला, हे पाहण्याचे काम उरलेल्यांचे आहे.